पंचवीस हजार गिऱ्हाइके : थोडी की पुष्कळ?

व्यापार म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर दुकान, वखार, गोदाम, फार तर एखादा छोटा कारखाना येतो. गाणे हाही एक धंदा आहे, त्यालाही भांडवल लागते, माल लागतो, गिऱ्हाईक सांभाळावे लागते आणि त्यातही कर्ज होते, हे सहसा आमच्या ध्यानात येत नाही. या अंकात आम्ही वाचकांसमोर एका अमेरिकन गायिकेचा हिशेब मांडीत आहोत. तिचे नाव अमांडा पामर. ती स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली बांधते, स्वतः गाते. तिचे मुख्य वाद्य पियानो, पण गेली अनेक वर्षे युकुलेली नावाचे चार तारांचे लहानसे वाद्यही तिच्या हाती असते. मोठ्या कंपनीशी केलेला करार सोडून तिने आपला स्वतंत्र कारभार उभा केला.

तिची गाणी, तिची राहणी, तिची मते आमच्या सर्वच वाचकांना रुचतील असे नाही. तिच्या खासगी आयुष्यावरून वृत्तपत्रांत वादही पुष्कळ झाले. तो विषय या पानाचा नाही. आम्ही येथे फक्त वहीखाते उघडून पाहणार आहोत. कारण जो प्रश्न तिच्यापुढे आला, तोच प्रश्न आमच्या विणकराला, शिंप्याला, अत्तर विकणाऱ्याला आणि बेकरीवाल्यालाही रोज पडतो : माल आपण थेट गिऱ्हाइकाला विकावा की मोठ्या व्यापाऱ्याच्या हवाली करावा?

चौकातील पाठशाळा

अमांडा पामरचा जन्म ३० एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपण बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावी गेले. पदवी घेऊन ती बाहेर पडली, पण नोकरीत मन रमले नाही. बोस्टनला लागूनच केंब्रिज नावाचे शहर आहे. तेथील हार्वर्ड चौकात ती जिवंत पुतळा म्हणून उभी राहू लागली. चेहऱ्याला पांढरा रंग, अंगावर नववधूचा पोशाख, पायांखाली खोके आणि समोर एक टोपी. येणाऱ्या-जाणाऱ्याने टोपीत पैसे टाकले की पुतळा हलायचा, त्या माणसाच्या डोळ्यांत पाहायचा आणि त्याच्या हाती एक फूल द्यायचा. हे काम तिने सुमारे पाच वर्षे केले.

आमच्याकडे कोणी याला भीक म्हणेल. तिच्याकडेही लोक म्हणत. रस्त्याने जाणाऱ्या मोटारींतून 'काम शोध' अशी ओरड व्हायची. पण तिने पुढे आपल्या भाषणात जो हिशेब सांगितला तो व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. मंगळवारी सुमारे ६० डॉलर, शुक्रवारी सुमारे ९०. रोजचे गिऱ्हाईक नवे, कोणी बांधील नाही, तरी गल्ला आठवड्यामागून आठवडा तसाच जमायचा. बाजारपेठेच्या तोंडाशी गाडी लावणारा भजीवाला हेच सांगेल. जागा, वेळ आणि चेहरा ठरलेला असला की रस्त्यावरची कमाईसुद्धा पगारासारखी नेमाने येते.

कंपनीचा करार

२००० साली तिने ब्रायन विग्लिओन या ढोलवादकाबरोबर 'ड्रेस्डेन डॉल्स' नावाची जोडी काढली. ती पियानोवर, तो ड्रमवर. पहिला अल्बम त्यांनी २००३ मध्ये आपल्याच हिमतीवर काढला. कार्यक्रम संपला की दोघे दाराशी उभे राहत, ऐकणाऱ्यांशी बोलत, सह्या देत, ज्याला हवी त्याचा टपालाचा पत्ता वा ई-मेल वहीत उतरवून घेत. ही वही म्हणजेच पुढे त्यांची खरी पुंजी ठरली.

त्यानंतर रोडरनर रेकॉर्ड्स या कंपनीशी करार झाला. ही कंपनी मुख्यतः कर्कश धाटणीच्या रॉक संगीतासाठी ओळखली जाते. कंपनीने माल देशोदेशी पोचविला, जाहिरात केली, दौरे वाढले. हे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. पण कंपनीचे गणित वेगळे होते. एका अल्बमच्या पहिल्या काही आठवड्यांत सुमारे २५,००० प्रती खपल्या. कलाकारांना वाटले, केवढा हा खप! कंपनीने सांगितले, विक्री उतरू लागली आहे, अल्बम फसला.

येथे थोडे थांबून हा धंदा कसा चालतो ते पाहू. ध्वनिमुद्रण कंपनी कलाकाराला सुरुवातीला एक उचल देते. स्टुडिओचे भाडे, चित्रफितीचा खर्च, कधी दौऱ्याला केलेली मदत, अशा अनेक रकमा कलाकाराच्या नावे मांडल्या जातात. प्रत्येक प्रत विकली की कलाकाराचा लहानसा टक्का असतो, पण तो हातात पडत नाही. आधी त्या उचलीत वळता होतो. उचल फिटेपर्यंत कलाकाराला विक्रीतून काही मिळत नाही, आणि उचल फिटली तरी त्या मुद्रणाचा मालक बहुधा कंपनीच राहते. यंत्रमागाच्या गावांतील आमच्या वाचकांना हे नवीन नाही. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, विणणाऱ्याच्या वाट्याला मजुरी. आणि त्या मजुरीतूनही आधीची बाकी कापली जाते.

२००८ साली तिचा पहिला एकटीचा अल्बम त्याच कंपनीकडून आला. त्यातील एका गाण्याच्या चित्रफितीवरून वाद झाला. कंपनीला काही दृश्ये कापायची होती, तिने नकार दिला. मग तिने करारातून मोकळे करा असा धोशाच लावला, त्यावर एक गाणेही रचून जाहीर कार्यक्रमांत म्हटले. अखेर एप्रिल २०१० मध्ये कंपनीने तिला मोकळे केले.

दहा डॉलरची नोट

या काळात घडलेला एक प्रसंग ती नेहमी सांगते. कार्यक्रम संपल्यावर ती सह्या देत उभी होती. एक माणूस पुढे आला आणि दहा डॉलरची नोट तिच्या हाती ठेवून म्हणाला की मी तुमची सीडी मित्राकडून नकलून घेतली, माफ करा. तुमचे कंपनीशी पटत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पैसे तुम्हालाच देतो.

कायद्याने पाहिले तर हा माणूस चोर. व्यापाराने पाहिले तर तो प्रामाणिक गिऱ्हाईक, ज्याला पैसे भरायला योग्य खिडकीच सापडली नव्हती. अमांडा पामरने तेव्हाच ठरविले की पुढे आपले संगीत शक्य तेथे खुले ठेवायचे आणि दाम थेट मागायचे. लोकांना पैसे द्यायला भाग कसे पाडावे, हा प्रश्न सोडून लोकांना पैसे देऊ कसे द्यावे, हा प्रश्न तिने हाती घेतला.

२००९ च्या मे महिन्यातील तिचा हिशेब बोलका आहे. शुक्रवारची रात्र होती, ती घरीच बसली होती आणि ट्विटरवर तिच्यासारख्याच घरी बसलेल्या हजारो लोकांशी तिच्या गप्पा चालल्या होत्या. थट्टेथट्टेत एका टी-शर्टची कल्पना निघाली. तिने लगेच चित्र काढले, त्याच रात्री २५ डॉलर किंमत लावून मागणी नोंदविली आणि सुमारे ११,००० डॉलरचा माल विकला. पुढे एक लहानसा कार्यक्रम आणि घरातील वस्तूंचा थेट प्रक्षेपणावरून केलेला लिलाव, असे धरून महिन्याभरात सुमारे १९,००० डॉलर जमले. आणि कंपनीने विकलेल्या तिच्या अल्बमच्या सुमारे ३०,००० प्रतींमधून तिला त्या वेळपर्यंत काय मिळाले? तिनेच जाहीर केले : शून्य.

चार तारांची पथारी

आता युकुलेलीकडे वळू. हे वाद्य हवाई बेटांचे म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचे मूळ पोर्तुगालच्या मादेरा बेटावरचे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मादेराहून उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी मजूर घेऊन होनोलुलूला पोचले. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. मळ्यातील कराराची मजुरी संपली तसे त्यांनी आपला मूळ हुन्नर पुन्हा धरला आणि आपल्या बेटावरचे लहान तंतुवाद्य हवाईच्या कोआ लाकडातून घडवू लागले. राजा कालाकौआला ते आवडले, दरबारात ते वाजू लागले आणि परदेशी मजुरांचे वाद्य देशाचे वाद्य बनले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याची लाट आली. म्हणजे या वाद्याचा जन्मच मुळी स्थलांतरित कारागिरांच्या धंद्यातून झालेला आहे.

अमांडा पामरने ते का उचलले? पियानो उचलता येत नाही. त्याला सभागृह लागते, सूर जुळवणारा लागतो, भाडे लागते. युकुलेली पिशवीत मावते. आपल्याकडेही शिकाऊ युकुलेली दीड-दोन हजार रुपयांपासून मिळते. चार तारा, थोडे सोपे सूर, की गाण्याला साथ झाली. आमच्या भाषेत सांगायचे तर पियानो म्हणजे गाळा घेतलेले दुकान आणि युकुलेली म्हणजे पथारी. दुकानात गिऱ्हाईक यावे लागते. पथारी गिऱ्हाइकाकडे जाते.

ती दौऱ्यावर ज्या गावी असे तेथे काही तास आधी ट्विटरवर जागा सांगायची : अमुक बाग, अमुक किनारा, अमुक वेळ. ना तिकीट, ना पोस्टर, ना ध्वनिक्षेपक. माणसे जमायची, ती युकुलेली घेऊन गायची, बोलायची. मुक्कामही अनेकदा ऐकणाऱ्यांच्याच घरी, म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला.

जुलै २०१० मध्ये, कंपनीतून सुटल्यावर अवघ्या तीन महिन्यांत, तिने स्वतंत्रपणे पहिला माल बाजारात आणला. रेडिओहेड या इंग्रज बँडची गाजलेली गाणी तिने युकुलेलीवर गायली आणि बँडकॅम्प या संकेतस्थळावर विकायला ठेवली. किंमत ज्याची त्याने ठरवायची, मात्र कमीत कमी ८४ सेंट. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. दुसऱ्याचे गाणे ध्वनिमुद्रित करून विकले तर मूळ रचनाकाराला प्रत्येक प्रतीमागे ठरलेले मानधन द्यावे लागते. अमेरिकेत त्या वेळी हा दर गाण्यामागे ९.१ सेंट होता. ते मानधन आणि पैसे पोचविणाऱ्या सेवेचा आकार धरून ८४ सेंट होत. म्हणजे सर्वांत गरीब गिऱ्हाइकाला तिने मूळ खर्चात माल दिला, ज्याला ऐपत होती त्याने अधिक दिले, आणि दुसऱ्याचा हक्क मात्र कोठेही बुडविला नाही. स्वस्त विकावे, पण पडत किंमत आधी काढावी, हा धडा येथे आहे.

पंचवीस हजार

३० एप्रिल २०१२ रोजी, आपल्या वाढदिवशी, तिने किकस्टार्टरवर नव्या अल्बमची घोषणा केली. किकस्टार्टरची पद्धत अशी की आधी रकमेचे उद्दिष्ट आणि मुदत जाहीर करायची. मुदतीत रक्कम भरली तर पैसे मिळतात, न भरली तर कोणाच्या खात्यातून काही कापले जात नाही. आमच्याकडे दिवाळी अंकाची, मोठ्या ग्रंथाची प्रकाशनपूर्व नोंदणी होते, त्याच जातीचा हा व्यवहार. तिने १,००,००० डॉलर मागितले होते. एक डॉलर देणाऱ्याला गाणी संगणकावर उतरवून घेता येणार होती, २५ डॉलरला सीडी, त्यावर तबकड्या, चित्रांचे पुस्तक, आणि ५,००० डॉलरला तुमच्या घरी येऊन मैफल.

३१ मे रोजी मुदत संपली तेव्हा २४,८८३ लोकांनी मिळून ११,९२,७९३ डॉलर भरले होते. त्या वेळच्या दराने सहा कोटींहून अधिक रुपये. संगीताच्या क्षेत्रात तोपर्यंत अशा लोकवर्गणीतून एवढी रक्कम कोणी जमविली नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये हा अल्बम बाजारात आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्याच आठवड्यात दहाव्या क्रमांकावर गेला.

वाचकांनी आकडा पुन्हा पाहावा. कंपनीने ज्या खपाला अपयश म्हटले तोही पंचवीस हजारांचाच होता. गिऱ्हाइकांची संख्या जवळजवळ तीच. फरक पडला तो मधल्या वाटेत. माणशी सरासरी सुमारे ४८ डॉलर आले आणि ते सरळ तिच्या खात्यात आले. ज्या कंपनीला शेकडो पगार, इमारती आणि भागधारक सांभाळायचे आहेत तिला पंचवीस हजार थोडे. जिला एक बँड, एक कचेरी आणि आपले घर चालवायचे आहे तिला तेच पुष्कळ. धंदा मोठा की छोटा हे गिऱ्हाइकांच्या संख्येवर ठरत नाही. आपला खर्च किती यावर ठरते.

पैसा गेला कोठे?

रक्कम ऐकून लोकांनी तिला कोट्यधीश ठरविले. तिने तेव्हाच खर्चाचा जाहीर अंदाज लिहून काढला. पहिले सुमारे अडीच लाख डॉलर ध्वनिमुद्रण, बँडचे पगार आणि आधीची देणी यांत जायचे. मग किकस्टार्टरचे पाच टक्के, पैसे वळते करणाऱ्यांचा आकार, सीडी आणि तबकड्यांची छपाई, चित्रकारांचे मानधन, हजारो पुडक्यांचे देशोदेशीचे टपाल, कर. सगळे जाऊन हाती राहणार लाखभर डॉलर, कदाचित त्याहूनही कमी. घरगुती मैफलीच तीसहून अधिक विकल्या गेल्या होत्या. त्यांच्यासाठी पुढे जगभर फिरावे लागले. आगाऊ आलेला पैसा नफा नसतो, ते गिऱ्हाइकाचे देणे असते. लग्नसराईत मंडपवाला किंवा केटरर बयाण्यालाच कमाई समजून बसला की हंगामाअखेर त्याची काय गत होते, हे आम्ही पाहतोच.

मजुरीचा प्रश्न

याच यशात तिच्या हातून एक मोठी चूकही झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये दौऱ्याच्या तोंडावर तिने जाहीर केले की प्रत्येक गावात शिंगे आणि तंतुवाद्ये वाजवणारे स्थानिक कलाकार हवेत. मोबदला? पेय, भेटवस्तू आणि गळाभेट. पगार नाही.

एरवी अशा आवाहनाला कोणी हरकत घेतली नसती. पण जिच्याकडे नुकतेच बारा लाख डॉलर जमले, तिने वादकांना फुकट बोलवावे? संगीतकारांनी, त्यांच्या संघटनांनी आणि प्रसिद्ध ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी कडक टीका केली. सर्वांना पैसे द्यायचे तर सुमारे ३५,००० डॉलर लागतील आणि तेवढे परवडणार नाहीत, असे तिचे म्हणणे वृत्तपत्रांत आले. जे येतात ते खुशीने येतात, हाही तिचा बचाव होता. लोकांना तो पटला नाही. अखेर सप्टेंबरमध्ये तिने सर्वांना मजुरी देण्याचे जाहीर केले आणि आधी वाजवून गेलेल्यांनाही पैसे देण्याचे ठरविले.

आम्हाला या प्रकरणात दोन्ही बाजू दिसतात. ती रस्त्यावर वाढलेली. फूल द्यायचे, नाणे घ्यायचे, मुक्कामाला सतरंजी मागायची, ही देवाणघेवाण तिच्या हाडीमाशी खिळलेली. पण गिऱ्हाईक आपखुशीने जास्त देते ती त्याची माया. मालक कामगाराला कमी देतो ती माया नव्हे. कालपर्यंत आपण मजूर होतो म्हणून आज मालक झाल्यावरही मजुराचीच सवलत मागता येत नाही. स्वतंत्र धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा दिवस येतो, आणि बहुतेकांना तो आल्याचे कळतच नाही.

उचल नको, खाते हवे

किकस्टार्टरमध्ये एक उणीव होती : दर अल्बमला नव्याने झोळी पसरावी लागे. २०१५ च्या मार्चमध्ये ती पॅट्रिऑन या सेवेत दाखल झाली. येथे चाहते नेमाने ठरलेली छोटी रक्कम देतात, कोणी एक डॉलर, कोणी पाच. दहा हजारांहून अधिक लोक तिचे असे खातेदार झाले. त्यांच्या बळावर तिने ८ मार्च २०१९ रोजी नवा अल्बम काढला आणि पियानो व युकुलेली घेऊन एकटीने मोठा दौरा केला. २०२० च्या मार्चमध्ये हा दौरा न्यूझीलंडला संपत असतानाच साथ आली आणि तिला तेथेच राहावे लागले. जगभर सभागृहे बंद होती, तिकिटावर जगणारे कलाकार हवालदिल झाले होते. ज्याच्यामागे खातेदार होते त्याची चूल पेटती राहिली. दूधवाल्याचे रतीब आणि चौकातली विक्री यांत हाच फरक आहे.

आमच्या वाचकांसाठी

हे वाचून कोणा तरुणाने उद्याच नोकरी सोडावी आणि युकुलेली विकत घ्यावी, असे आम्ही सुचवीत नाही. एक गोष्ट विसरता कामा नये. २०१२ चे ते पंचवीस हजार लोक एका महिन्यात जमले नव्हते. त्यांच्यामागे पाच वर्षांचा चौक, बारा वर्षांचे कार्यक्रम, रात्री उशिरापर्यंत दिलेल्या सह्या आणि पत्त्यांची वही होती. कंपनीने केलेली जाहिरातही त्यात होतीच. मोठ्या व्यापाऱ्याचा उपयोग करून घ्यावा, त्याच्याशी वैर धरू नये. फक्त आपल्या गिऱ्हाइकांची वही त्याच्या हवाली करू नये, आणि करारावर सही करण्यापूर्वी उचल कशी फिटणार ते कागदावर मांडून पाहावे.

आमच्या समाजात हुन्नर कमी नाही. पितळेची भांडी घडवणारे, जरी भरणारे, कव्वाली गाणारे, लग्नात बँड वाजवणारे, सुलेखन करणारे पुष्कळ आहेत. त्यांतील किती जणांकडे आपल्या शंभर गिऱ्हाइकांची नावे लिहिलेली आहेत? बहुतेकांना अडत्या माहीत आहे, ठेकेदार माहीत आहे. माल शेवटी कोणाच्या घरात गेला ते माहीत नाही. मग हंगाम पडला की सगळी भिस्त त्या अडत्याच्या मर्जीवर.

पंचवीस हजार हा अमेरिकेतील आकडा झाला. एका कुटुंबाचा धंदा चालवायला आमच्याकडे अडीचशे घरे पुरतात. एक जाड वही घ्यावी, आज आलेल्या गिऱ्हाइकाचे नाव आणि फोन नंबर तीत लिहावा. नव्या भांडवलाची व्यवस्था उद्या पाहता येईल.